मयताची आई, बंद्याची आई

नाव : द्वारकाबाई भ्र. सांडू काळवणे. वय : अंदाजे सहासष्ट. राहणार : मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर; मूळ राहणार गंगापूर तालुका. धंदा : मजुरी (स्वयंपाक). वर्ण सावळा, बांधा किरकोळ, उंची मोजलेली नाही. ओळखीची खूण : डाव्या हातावर गोंदलेली तुळस, फिकट झालेली. शिक्षण : सहीपुरते. वर्तन : समाधानकारक. शेजाऱ्यांची तक्रार नाही. शेजाऱ्यांशी संबंधही नाही. सदर महिला ही मयताची आई आहे. सदर महिला ही बंद्याची आई आहे. सबब या प्रकरणी दोन महिला विचारात घेण्यात आल्या.

शेवटचं वाक्य असं सलग कुठल्याच कागदावर सापडणार नाही. पण सगळे कागद एकावर एक ठेवले की अर्थ तोच निघतो, आणि त्याच अर्थावर सरकारने पुढचं सगळं केलं. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. मराठवाड्यातल्या सरकारी कागदावर बाई भ्रताराशिवाय उभी राहत नाही, मग तो वारून किती का वर्षं झाली असेनात. सांडू काळवणे पोरं लहान असतानाच वारले. कागदावर मात्र ते अजून बायकोच्या सोबत असतात. प्रत्यक्षात द्वारकाबाईंना एवढी सोबत दुसऱ्या कुणाची नाही.

त्यांना मुलं चार झाली. थोरला कृष्णा, घरात किसना. त्यानंतरची दोन बारशापर्यंतही टिकली नाहीत. चौथा झाला तेव्हा सासूने रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला, कुणीतरी टाकून दिलेलं पोर सापडलं म्हणून परत उचलून आणला आणि नाव ठेवलं कचरू. असल्या नावाच्या पोराला कुणाची नजर लागत नाही. बाहेरच्या नजरेपुरतं हे नाव चांगलं चाललं. कचरू चोवीस वर्षांचा झाला.

दोन पोरं एकटीने वाढवताना द्वारकाबाईंनी घरात एकच कायदा ठेवला होता. ताटं दोन. गोधड्या दोन. जत्रेतून आणलेल्या शिट्ट्या दोन. आणि भांडण झालं तर फिर्याद दोघांची वेगवेगळी ऐकायची : कचरूची उंबऱ्यावर बसून, किसनाची चुलीपुढं. एकाचं ऐकताना दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. दोन्ही ऐकून झाल्या की दोघांनाही एकेक धपाटा, तोही सारखाच. पोरं मोठी झाली, शेत वाटून घेतलं, तरी हा कायदा चालू राहिला. वाटता आली नाही ती फक्त विहीर. विहिरीवर मोटर एक, लाईटचा भरवसा नाही, आणि एकाचा ऊस तर दुसऱ्याची कपाशी.

एके दुपारी लाईट आली. किसना उसाला पाणी देत होता. कचरूने मधेच पाटाचं बारं फोडून पाणी आपल्या कपाशीत वळवलं. किसनाच्या हातात फावडं होतं. द्वारकाबाई भाकरी घेऊन बांधावरून येत होत्या. एका फडक्यात एकाच्या, दुसऱ्या फडक्यात दुसऱ्याच्या.

जीपमध्ये घालून गंगापूरला नेईपर्यंत कचरू संपला होता. त्याच जीपने त्या ठाण्यात गेल्या आणि फिर्याद दिली. खटल्यात पाहणारी साक्षीदार एकच होती, तीच फिर्यादी होती, आणि आरोपी तिचाच होता. किसनाच्या वकिलाने त्यांना वाट काढून द्यायचा प्रयत्न केला.

“आजी, रागाच्या भरात एकदा हात उगारला गेला आणि पोरगा दगडावर पडला. असंच झालं ना?”

“नाय. दोनदा मारलं.”

“नीट आठवून सांगा. घाबरू नका.”

“मला पोरंच दोन हायेत, साहेब. दोन मोजता येतंय मला.”

कोर्टात कुणी हसलं नाही. पहिला फटका रागाचा धरता आला असता. दुसऱ्याला कायद्यात वेगळं नाव आहे. किसनाला जन्मठेप झाली. शिपाई त्याला नेत होते तेव्हा त्याने आईकडं पाहिलं की नाही, यावर गावात दोन मतं होती. द्वारकाबाईंचं मत कुणी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी शेत बटईने देऊन त्या शहरात आल्या. पोटासाठी, असं लोक समजले. ज्या शहरात जेल आहे त्याच शहरात पोट भरायला का यावं, हे कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. क्रांती चौकाजवळच्या एका खानावळीत भाकरी थापायचं काम मिळालं. मुकुंदवाडीत पत्र्याची खोली मिळाली. खोलीत सामान म्हणून सांगावं असं काही नव्हतं, फक्त गोधड्या तीन होत्या, आणि खोलीचा मालक भाडं घ्यायला आला की तिसऱ्या गोधडीकडं बघून विचारायचा, “पाहुणे आहेत का?” मग त्याने विचारणं सोडलं.

पहिल्या दिवाळीत त्या जेलवर भेटीला गेल्या. नाव सांगितलं, नातं सांगितलं, रांगेत बसल्या. दुपारनंतर शिपाई येऊन म्हणाला, “तुमचा बंदी भेटीला यायला तयार नाही.” आणलेल्या भाकरी आत घेत नाहीत हेही तेव्हाच कळलं. त्या पुन्हा गेल्या नाहीत. किसनानेही कधी सुट्टीचा अर्ज केला नाही. सुट्टीवर यायला बाहेर कुणीतरी घ्यायला लागतं. मायलेक एकाच शहरात राहिले. शहर तेवढं मोठं आहे.

खानावळीत त्यांच्याबरोबर भामाबाई होत्या. भामाबाईंना गप्प बसायची सवय नव्हती.

“पोरगा काय करतो म्हणलीस तुझा?”

“बाहेरगावी असतो.”

“कोणत्या गावी?”

“लांब.”

“कंपनीत का?”

“व्हय. राहायचं-खायचं तिथंच.”

“अन् येत काऊन नाय? दिवाळी नाय, अखजी नाय. असली कोणती कंपनी ही? सुट्टीच देत नाय?”

“कडक हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं असं सगळे समजतात. ती शेवटच्या श्वासापर्यंत असते. मात्र कोर्ट चुकलं असं न म्हणताही शिक्षा सोडून देण्याचा एक अधिकार आहे आणि तो राज्यपालांकडं आहे : माफी द्यावी, शिक्षा लांबवावी, कमी करावी किंवा सोडून द्यावी. राजे गेले, त्यांच्या सवयींपैकी ही एक घटनेने ठेवून घेतली. फरक इतकाच की राजा हत्तीवरून जाताना एकदम दया दाखवायचा, आणि आता दयेला योग्य मार्गाने यावं लागतं. किसनाने जेलमधून अर्ज केला, म्हणजे सुतारशाळेतल्या मास्तरांनी लिहून दिला आणि त्याने सही केली. अर्ज वर गेला, वरून खाली आला, आणखी खाली आला, आणि राज्यपालांच्या दयेचा पहिला हप्ता एका सकाळी मुकुंदवाडीत मोटरसायकलवरून उतरला.

त्यांचं नाव अफजल पठाण, हवालदार. निवृत्तीला आलेले, गुडघे त्याच्याही आधी निवृत्त झालेले.

“द्वारकाबाई काळवणे इथंच ऱ्हातात का?”

“मीच. काय झालं, जमादार? कुणी गेलं का?”

“गेलं नाय, मावशी. यायलंय.” ते तेलाच्या पालथ्या डब्यावर बसले, पाकिटातून दोन कागद काढले. “हे एक बंद्याच्या नातेवाइकाचं. घरी घेता का, सांभाळता का, हे विचारायचं. ते तुमचं. अन् हे दुसरं मयताच्या नातेवाइकाचं. त्यांची हरकत हाय का विचारायचं. पत्ता बी इथलाच टाकलाय, देखो. येडे लोकं. ते घर कुठंय?”

“पत्ता बरोबर हाय.”

अफजलभाईंनी चष्मा लावून दोन्ही कागद परत वाचले. या वेळी नावं वाचली.

“दोन्ही तुमचीच?”

“व्हय.”

“या अल्ला.” त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग कामाला लागले, कारण तेवढंच करता येण्यासारखं होतं. “बरं, मग सोपं झालं. एकच जबाब करू. ‘हरकत नाही, सांभाळण्यास तयार आहे.’ इथं सही करा.”

“थांबा. आधी कोणाचं इचारता?”

“दोघांचं एकच हाय की.”

“एक कसं? दोघांचं येगळं.” आणि त्या उठून उंबऱ्यावर जाऊन बसल्या. “हं. कचरूचं इचारा.”

हवालदारांनी डब्यावरून वळून विचारलं. “बंदी कृष्णा काळवणे याला सोडायला तुमची हरकत हाय का?”

“हाय.”

“मावशी.”

“लिवा. हरकत हाय. एकदा मारून थांबला असता तर गोष्ट येगळी व्हती. दोनदा मारलं.”

“अहो, हे लिहिलं तर कदाचित सुटायचा नाय तो. पोरगा हाय तुमचा.”

“अन् ह्यो कोणाचा व्हता? त्याला बायको नाय, लेकरू नाय. त्याच्याकडून बोलाया हाय कोण दुसरं? म्या बी गप बसले तर कचरू नावाचं कुणी व्हतं का नव्हतं हेच कळायचं नाय कुणाला.”

अफजलभाईंनी लिहिलं. द्वारकाबाईंनी सही केली, मग चहा ठेवला. दोघांनी चहा घेतला. पावसाविषयी, गुडघ्यांविषयी बोलणं झालं. कप विसळून झाल्यावर त्या गॅसच्या शेगडीपुढं जाऊन बसल्या.

“आता किसनाचं इचारा.”

“काय विचारू? आत्ताच तर तुम्ही...”

“ते तिथलं तिथं. हितं त्याचं नाव काढायचं नाय.”

“बरं. बंद्याला घरी घेता का? सांभाळता का?”

“घेते. गोधडी हाय त्याची. जेवाया काय, म्या भाकरीच थापते.” मग, शेगडी पुसता पुसता, “त्यो येतो म्हणला का?”

“ते त्याला विचारायचं दुसऱ्याचं काम. माझ्याकडं तुमचं हाय.”

दोन साक्षीदार एकच बोलतात, हे हवालदारांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ते कसं होतं हेही त्यांना माहीत होतं. एक साक्षीदार दोन बोलतो, हे नवीन होतं. त्यांनी दोन्ही जबाब नियमाप्रमाणे वेगवेगळ्या प्रकरणाला लावले, आणि वाचणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून दोन्हींच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं : ‘दोन्ही बाई एकच.’ पेनने लिहिलं असतं तर खाडाखोड दिसली असती. वर गेली ती झेरॉक्स. झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटली नाही.

वर कुणीतरी टिप्पणी तयार केली. निकालपत्र जोडलेलं होतं, आणि दोघे सख्खे भाऊ असल्याचं त्याच्या पहिल्या पानावरच होतं. पण निकालपत्र जोडायचं असतं. टिप्पणी करणाऱ्याने समोर दिसलं ते पाहिलं : एक आई त्याला घ्यायला तयार आहे, दुसरी आई दुखावलेली आहे. त्याने दोघींचाही मान ठेवला. अशी समतोल टिप्पणी त्याच्या हातून क्वचितच झाली असेल.

पुढच्या पावसाळ्यात अफजलभाई परत आले. या वेळी गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली आणि चालत आले.

“सुटला, मावशी.”

द्वारकाबाईंनी घासत असलेलं भांडं खाली ठेवलं. ओल्या हातांनी भिंत धरली.

“ऐका आधी. अटी हायेत.” त्यांनी आदेशाची प्रत काढली. राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, सदर बंद्याची उर्वरित शिक्षा पुढील अटींवर सोडून देण्यात येत आहे. “पहिली अट : बंद्याने आपल्या आईच्या घरी, तिच्या देखरेखीखाली राहावे.”

“बरं.”

“दुसरी : बंद्याने मयताच्या आईच्या निवासस्थानाच्या परिसरात जाऊ नये. तिच्याशी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष संपर्क साधू नये.”

“मयताची आई म्हंजी?”

“तुम्हीच.”

“अन् पहिलीतली?”

“ती बी तुम्हीच.” अफजलभाईंना हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. “तिसरी : अट मोडल्यास माफी रद्द. म्हणजे परत आत. आता इथं आला तर दुसरी मोडते, नाय आला तर पहिली. साहेब म्हणाले, संपर्काची भारी हाय, राहण्याची सांभाळून घेता येते. त्याच्याबरोबर आत होता तो मोहियोद्दीन, खुलताबादचा सुतार, शिक्षा भोगून मागंच सुटलेला. तो म्हणतो माझ्याकडं ठेवतो. तूर्त तिथं.”

“किसना काय म्हणला?”

“अट हाय म्हणला. इतकंच.”

त्या ‘इतकंच’वर द्वारकाबाई पुष्कळ दिवस जगणार होत्या. अट आहे म्हणून येत नाही, की यायचं नाही म्हणून अट बरी पडली, हे त्यातून कळत नव्हतं. जेलच्या रांगेतही कळलं नव्हतं. तिथं निदान भिंत होती.

“माझीच पेन्सिल नडली,” अफजलभाई म्हणाले. “पण इलाज हाय. तुम्ही एक ओळ लिहून द्या. मयताची आई म्हणून जी हरकत घेतली ती मागं घेते. हरकत गेली की अट जाते. महिना, दोन महिने. पोरगा घरी.” कागदही त्यांनी लिहूनच आणला होता. पेनने.

द्वारकाबाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हता, पण त्यांनी तो बराच वेळ पाहिला. उंबऱ्याकडं पाहिलं, शेगडीकडं पाहिलं. मग कागदाची घडी घालून परत दिला.

“नाय जमायचं.”

“मावशी, आता हट्ट करू नका. गेलेला गेला. हा जिता हाय.”

“जिता हाय म्हणून त्याला समदंच द्यायचं? त्याला माफी भेटली, ऱ्हायला जागा भेटली, काम भेटलं. कचरूला काय हाय? माझी हरकत हाय, तेवढीच. ती बी काढून ह्याच्या ताटात वाढू?”

“मग पोरगा येणार नाय.”

“समजतंय मला.”

अफजलभाईंनी कागद खिशात ठेवला. तो त्यांनी फाडला नाही, असं म्हणतात.

किसना जेलबाहेर पडला त्या दिवशी द्वारकाबाई कामावर होत्या. भाकरी नेहमीसारख्याच झाल्या.

त्यानंतरचे महिने कसे गेले याची नोंद नाही, कारण नोंद करण्यासारखं काही घडलं नाही. खोलीतली तिसरी गोधडी उन्हात पडायची आणि संध्याकाळी घडी होऊन आत जायची. आधी त्यांच्याकडं निदान सांगायला एक कारण होतं, पोरगा येऊ शकत नाही. आता तो एसटीने तासाभराच्या अंतरावर होता, मोकळा होता, आणि कारण त्यांनी स्वतःच्या हाताने जपून ठेवलं होतं.

“तुझी ती कंपनी बदलली म्हणं पोराने?” भामाबाईंना कुठून काय कळायचं ते त्यांनाच माहीत.

“व्हय. खुलताबादला.”

“हात्तिच्या! हे खुलताबाद! मग तर येईल आता.”

“त्याला यायची मनाई हाय.”

“मालकाची?”

“व्हय.”

“मेला खपला मालक.” भामाबाईंनी पीठ झटकलं. “अन् तुला जायची कुणी मनाई केली? तुझा बी मालक त्योच का?”

द्वारकाबाईंची भाकरी तव्यावर करपली. खानावळीत हे पहिल्यांदाच झालं, आणि भामाबाईंनी ते पुढं कित्येक दिवस सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ठाण्यात गेल्या. अफजलभाई पायरीवर बसून गुडघ्याला काहीतरी चोळत होते.

“जमादार, त्या अटी कोणाला घातल्यात?”

“बंद्याला.”

“मला काय घातलंय?”

“तुम्हाला कोण घालणार? तुम्ही काय केलं?”

“मग म्या गेले तर?”

अफजलभाई चोळायचे थांबले. सगळ्या नोकरीत त्यांना कुणी इतका सरळ कायदा विचारला नव्हता. “त्यानं तुमच्याकडं यायचं नाय. त्यानं संपर्क साधायचा नाय.” बोलता बोलता ते स्वतःच ऐकत होते. “तुम्ही साधला तर... त्यात काय लिहिलेलं नाय. पण त्यानं उत्तर दिलं तर तो संपर्क झाला.”

“त्यानं नकं बोलू. म्या बोलीन.”

“मावशी, मी हे काय ऐकलं नाय.”

“म्या बी तुम्हाला काय सांगितलं नाय,” द्वारकाबाई म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

त्यांची सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी खुलताबादला दर्ग्यांच्या वाटेवर गर्दी असते, आणि मोहियोद्दीनचं दुकान त्याच वाटेवर, वेशीच्या आत आहे. खाटा, चौकटी, पाळणे. मोहियोद्दीन मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो दारातच होता. बाईच्या हातातली दोन फडकी पाहून तो काही न विचारता बाजूला झाला आणि आत ओरडला, “कृष्णा, देख कोण आलंय!”

आत किसना रंधा मारत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मान वर केली, पाहिलं, आणि रंधा तिथंच थांबला. मग त्याने तो पुन्हा चालवायला घेतला.

“बसा आई, बसा,” मोहियोद्दीनने एक कोरी खाट पुढं ओढली. “हा बोलणार नाय. अट हाय ना. औरंगाबादचं नाव काढलं तरी गप होतो. तुम्ही बोला, मी त्याच्या तर्फे जबाब देतो.”

“तसं बी चालत नाय. अप्रत्यक्ष मनाई हाय.”

“क्या बात है,” मोहियोद्दीन म्हणाला. “मला वाटलं वकील आत असतात.” आणि नमाजाची वेळ नसतानाही नमाजाला जातो म्हणून तो निघून गेला.

द्वारकाबाई खाटेच्या काठावर बसल्या. बोलीन म्हणाल्या होत्या, पण बोलायची सवय गेली होती. आधी त्या विहिरीविषयी बोलल्या. विहीर आता आटली, मोटर चोरीला गेली. मग शेताविषयी. बटईदार बरा आहे. मग खानावळ, भामाबाई, पत्र्याची खोली. रंध्याखालून साली निघत होत्या आणि किसनाच्या पायांशी पडत होत्या. सांगण्यासारखं सगळं संपलं तेव्हा दुपार व्हायची होती.

“माझी हरकत हाय अजून,” त्या म्हणाल्या. “काढली असती तर तू घरी असतास. नाय काढली. काढणार बी नाय.”

रंधा चालू राहिला.

“कोर्टात बी एकदा म्हणले असते तर लवकर सुटला असतास. वकिलानं समदं तोंडाशी आणून दिलं व्हतं. नाय म्हणले. तू भेटीला आला नाय तेव्हा मला वाटलं, त्या साक्षीपायीच आला नाय. ते तसंच आसंल तर आसू दे. म्या इचारत नाय.”

किसनाने रंधा बाजूला ठेवला. हातावरचा भुसा झटकला. बाहेर रस्त्यावर फुलांच्या टोपल्या चालल्या होत्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“दोनदाच मारलं व्हतं, आई,” तो म्हणाला.

अट मोडली ती एवढीच. आदेशाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे त्या क्षणी माफी रद्द व्हायला हवी होती, पण कळवणारं कुणी नव्हतं.

द्वारकाबाईंनी एक फडकं सोडून त्याच्यापुढं ठेवलं. दुसरं तसंच बांधलेलं राहिलं. त्याने त्याच्याकडं पाहिलं, ते कुणाचं हे विचारलं नाही, आणि आपल्यातली भाकरी खाल्ली. त्या बघत बसल्या. नंतर तो स्टँडपर्यंत त्यांच्या पुढं चालत गेला, बरंच अंतर ठेवून, ओळख नसल्यासारखा, आणि एसटी लागलेली दिसल्यावर वळून दुकानाकडं गेला. दुसऱ्या फडक्यातली भाकरी त्यांनी परतीच्या वाटेवर खिडकीशी बसून खाल्ली. शेजारची जागा रिकामी होती.

संबंधित ठाण्याकडून दर सहा महिन्यांनी अहवाल वर जातो. बंद्याचे वर्तन चांगले. मयताच्या आईशी संपर्क : निरंक. बंद्याच्या आईशी संपर्क : निरंक. दोन्ही महिलांची प्रकृती ठीक असून त्या आपापल्या जागी राहतात. तो अहवाल अफजलभाई निवृत्त होईपर्यंत तेच लिहीत होते. आता त्यांच्याच अहवालावरून दुसरं कुणीतरी उतरवून काढतं.

“आजी, पंच्याहत्तर झाले का?” गुरुवारच्या खुलताबाद गाडीचा नवा कंडक्टर पहिल्यांदा विचारतो. “आधार दाखवा, फुकट बसा.”

“नाय झाले.”

मग तो त्यांना, सगळ्या बायकांना देतात तसं, अर्धं तिकीट देतो.